गोवरची केस सापडली की संपर्क कसे शोधायचे : कोकणातल्या वाड्यावस्त्यांसाठी

कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हटलं की लोकांना अजून कोविडच आठवतो. हातावरचा शिक्का, वाडीच्या तोंडाला आडवा टाकलेला बांबू, सगळं डोळ्यासमोर येतं आणि मग नोंदवही घेऊन कोणी पडवीत आलं की पोरांना आतल्या खोलीत पाठवून देतात. गोवरमध्ये हे काम वेगळ्या कारणासाठी करायचं असतं आणि ते कारण आधी आपल्याला नीट पटलेलं असलं पाहिजे, तरच समोरच्याला पटवता येतं. आपण शोधतोय लस न मिळालेली पोरं, नऊ महिन्यांच्या आतली बाळं, गरोदर बायका आणि कुपोषित मुलं, आणि त्यांच्यापर्यंत गोवरच्या आधी आपण पोचायचंय. बाकी सगळी कागदं, फॉर्म, यादी याच एका कामासाठी.

आशाताई, उपकेंद्राच्या आरोग्य सेविका, अंगणवाडीवाल्या ताई, ग्रामपंचायत सदस्य, वाडीतल्या मंडळाची पोरं, जे कोणी या कामाला हात लावणार असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुद्दाम हाताशी मोजकीच माणसं आणि मोजकाच वेळ आहे असं धरून लिहितोय, कारण गोवर जिथे जास्त मुलं मारतो तिथे नेमकं हेच असतं. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात एक लाख सात हजारांच्या आसपास माणसं गोवरने गेली, त्यात बहुतेक पाच वर्षांच्या आतली, आणि बहुतेक गरीब देशांतली.

आधी काही आकडे पाठ करा

गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू राहू शकतो. लस नसलेली दहा माणसं जवळ आली तर त्यातल्या नऊजणांना लागतो. अंगावर पुरळ उठायच्या ४ दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर ४ दिवसांपर्यंत मूल दुसऱ्याला देतं. लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, पण कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त २१ दिवस धरायचे. संपर्कात आल्यापासून ७२ तासांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो.

या आकड्यांतला सगळ्यात त्रासदायक म्हणजे ते आधीचे ४ दिवस. पुरळ दिसून आपल्याला कळेपर्यंत पोरगं चार दिवस साध्या तापसर्दीत वाडीभर फिरलेलं असतं, म्हणून आपण कायम थोडे उशिराच पोचतो, आणि म्हणूनच कुठे आधी धावायचं हे ठरवावं लागतं.

संशयित कोणाला म्हणायचं

ताप आणि अंगावर पुरळ, बस, एवढं पुरे. वय कितीही असो. लॅबचा रिपोर्ट यायची वाट बघत बसायचं नाही. सोबत खोकला, नाक वाहणं, लाल डोळे असतील तर संशय पक्काच समजा. पुरळ सहसा कानामागून आणि कपाळावरून सुरू होतं, मग तोंडावर, मग दोनतीन दिवसांत खाली पायापर्यंत. पाण्याचे फोड असतील तर त्या बहुतेक कांजण्या. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे मुलाला अंधाऱ्या माजघरातून खळ्यात उजेडात आणून बघा आणि पाठीवरून हात फिरवा, हाताला खरखरीत लागतं.

गेल्या दोन आठवड्यांत एमआरची (गोवर-रुबेलाची) लस झाली होती का तेही विचारा, कारण लसीनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान कधीकधी हलका ताप आणि पुरळ येतं. तसं असेल तर वहीत लसीची तारीख लिहा, नायतर उगाच साथ आली म्हणून बोंब होते.

आणि मग लगेच फोन. उपकेंद्राच्या सेविकेला, तिच्यामार्फत मेडिकल ऑफिसरला. पहिल्या काही केसेसचं रक्त तपासणीला जातं, पुरळ उठल्यापासून चौथ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसात घेतलेलं चांगलं. पहिल्या तीन दिवसांत घेतलं तर गोवर असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे निगेटिव्ह आला म्हणून वही बंद करायची नाही.

तारीख पक्की करा, या कामाला घाई करू नका

सगळा हिशोब एका तारखेवर उभा आहे, पुरळ पहिल्यांदा दिसलं तो दिवस. आणि ती तारीख आईला थेट विचारली तर ती चुकीची मिळते. चूक तिची नाही, आजारी पोर मांडीवर असताना कॅलेंडर कोण बघतं. म्हणून प्रसंग विचारायचे. हळदीच्या दिवशी ताप होता का? लग्नाला नेलं तेव्हा अंगावर काही होतं का? बाजाराच्या आदल्या दिवशी की नंतर? संकष्टीला उपास सोडताना हा रडत होता का?

एक हिशोब करून दाखवतो. समजा मे महिना आहे, पाच वर्षांचा मुलगा, आईबाबांबरोबर मुंबईहून २ मेला गावी आलाय. ताप आला ८ तारखेला, चुलत आत्याच्या हळदीच्या संध्याकाळी. ९ ला लग्न, मंडपात सगळ्यांच्या कडेवर फिरला. ११ ला संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात नेला, तिथे बाकावर तास दीड तास बसले. १२ ला सकाळी कानामागे पुरळ. आपल्याला कळलं १३ ला.

आता, पुरळ १२ मे, म्हणजे तो देत होता ८ मे ते १६ मे. त्याला लागण झाली असेल ती ७ ते २१ दिवस आधी, म्हणजे २१ एप्रिल ते ५ मे या काळात. या दोन पट्ट्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

लग्नातल्या लोकांचे ७२ तास १२ तारखेलाच संपले. घरातल्यांचे तर त्याच्याही आधी, ११ ला. पण दवाखान्यात बाकावर बसलेल्या पोरांचे ७२ तास १४ च्या संध्याकाळपर्यंत आहेत! म्हणजे १३ तारखेला पहिला फोन दवाखान्यात करायचा, ११ ला संध्याकाळी कोण कोण आलं होतं ते रजिस्टरमधून काढायला. माझ्या अनुभवात सगळे जण आधी मुलाच्या घरी जमतात आणि दवाखान्याची यादी दोन दिवसांनी आठवते, तोवर ती संधी गेलेली असते. दवाखान्याच्या बाकावर तापलेली, अशक्त, लहान पोरंच बसलेली असतात, गोवर सगळ्यात वाईट ज्यांना होतो तीच.

मागे कुठून आला तेही शोधा

पुढे कोणाला गेला हे सगळे विचारतात, मागे कुठून आला हे कमी लोक विचारतात. वरच्या उदाहरणात २१ एप्रिल ते ५ मे मधले बहुतेक दिवस मुलगा मुंबईत होता, तर शेजारी, नात्यात, बालवाडीत कोणाला अंग उठलं होतं का ते विचारून ती माहिती तालुक्यामार्फत तिकडच्या महापालिकेला कळवायची. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूला मोठी साथ आली होती, भिवंडी मालेगावातही केसेस होत्या. आपलं कोकण तर मुंबईला बांधलेलंच आहे, मे महिना, गणपती, शिमगा, प्रत्येक वेळी गाड्या भरभरून येतात आणि जातात.

पण मूल गाव सोडून कुठे गेलेलंच नसेल तर जास्त सावध व्हा. याचा अर्थ जवळपास आधीची एखादी केस आहे जी कोणालाच कळलेली नाही. अशा वेळी गावाच्या कडेला राहणाऱ्यांकडे बघा. जांभ्याच्या चिरेखाणीवर झोपड्या करून राहणारी कर्नाटकातली कुटुंबं, आंब्याच्या बागेत राखणीला असलेली नेपाळी माणसं आणि त्यांची बायकापोरं, रायगडकडे वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवर गेलेले कातकरी, बंदरावर बोटीवरचे खलाशी. यांची नावं बऱ्याचदा गावच्या कुठल्याच यादीत नसतात, अंगणवाडीच्याही नाही, आणि मग कागदावर गावाचं लसीकरण शंभर टक्के दिसतं. मला याचा खरंच राग येतो, कारण पोरं डोळ्यासमोर खेळत असतात.

चिरेखाणीवर जाताना मुकादमाला आधी भेटा, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नका. तो "कोणी आजारी नाय" म्हणेल कारण त्याला काम बंद पडायची भीती असते. संध्याकाळी चूल पेटल्यावर जा, तेव्हा बायका भेटतात, आणि कन्नड किंवा लमाणी बोलणारं कोणीतरी सोबत न्या, खाणीवरचीच एखादी शाळेत गेलेली मुलगी असली तरी चालतं.

संपर्क कोण कोण

कागदावर व्याख्या सोपी आहे, देण्याच्या काळात एकाच बंदिस्त जागेत जे होते, किंवा रुग्ण गेल्यावर दोन तासांच्या आत त्या जागेत आले, ते सगळे. पण लग्नातली चारशे माणसं वहीत लिहीत बसलात तर आठवडा जाईल. मी अशी चाळणी लावतो.

सगळ्यात आधी घरातले आणि एका छपराखाली झोपणारे, म्हणजे खाणीवरची झोपडी असेल तर आख्खी रांगच. मग दवाखान्यातले. मग अंगणवाडी किंवा वर्ग. मग एका गाडीने आलेले, एसटी किंवा रात्रीची लक्झरी, ज्यात काचा बंद असतात. उघड्या खळ्यातले, समुद्रावर खेळलेले, रस्त्यात भेटलेले शेवटी, बरेचदा सोडून दिले तरी चालतं.

आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यांची नावं घेण्याआधी चार प्रश्न. इथे पाच वर्षांखालचं कोण आहे? कोणाला दिवस गेलेत? कोण कुपोषित किंवा टीबी, कॅन्सर, एचआयव्हीच्या औषधांवर आहे? एमआरचे दोन डोस कोणाचे झाले नाहीत? ज्यांचे दोन डोस कार्डावर दिसतात त्यांच्यामागे वेळ घालवू नका, दोन डोसांनी साधारण ९७ टक्के संरक्षण मिळतं. "झालेत सगळे डोस" हे तोंडी उत्तर मात्र पुरत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड बघायला मागा, ते पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली असतं, शोधायला वेळ द्या. कार्ड नसेल तर सेविकेच्या रजिस्टरमध्ये बघा, तिथेही नसेल तर डोस झालेला नाही असं धरा. जास्तीचा एक डोस पडला तर काही बिघडत नाही.

घरी बोलायचं कसं

अजूनही बऱ्याच घरांत गोवर म्हणजे देवीचं मानतात. डॉक्टरकडे न्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, लिंबाचा पाला ठेवायचा. इथे वाद घालायला गेलात तर दार बंद. मी सांगतो की तुमचं जे काय करायचं ते करा, पाला ठेवा, नवस बोला, फक्त पोराला पाणी, पेज, दूध पाजत राहा, आणि श्वास जोरात चालला तर मला फोन करा. एवढं म्हटलं की बहुतेक आज्या नरम येतात, मग त्याच सांगतात की अमक्याच्या घरी पण निघालाय.

"नाव कुठे जाणार काय माझ्या पोराचं?" हा प्रश्न हमखास येतो. खरं सांगा. नाव सरकारी दवाखान्यात जातं, वाडीत कोणाला सांगणार नाही. आणि मग खरंच सांगू नका, शेजारच्या घरी गेल्यावर "या भागात एक केस आहे" एवढंच बोला. वाडीत कोणाचं घर ते अर्ध्या तासात कळतंच, पण ते तुमच्या तोंडून कळता कामा नये.

मोहल्ल्यात जमातीच्या लोकांना, गावात गावकर मानकऱ्यांना, कोळीवाड्यात सोसायटीच्या माणसांना आधी भेटून गेलात तर पुढची वीस घरं सोपी जातात. कोळीवाड्यात सकाळी लिलावाच्या वेळी जाऊ नका, कोण भेटणार नाही. आणि जाताना तुमचे स्वतःचे डोस झालेले असू देत, डोस न झालेल्या माणसाने आणि गरोदर ताईंनी हे काम करायचं नाही.

सापडल्यावर काय

७२ तासांच्या आतले, नऊ महिन्यांवरचे, डोस राहिलेले : त्याच दिवशी लस, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. एमआरची बाटली कालवली की ४ तासांत संपवायची किंवा टाकायची असते, म्हणून फोन करून आजूबाजूची राहिलेली पोरं एका जागी बोलवा, पण एकच पोर आलं तरी बाटली उघडायची, वाया जाईल म्हणून परत पाठवायचं नाही. ७२ तास उलटले असतील तरी लस द्यायचीच. या वेळचा संसर्ग कदाचित थांबणार नाही, पण ज्याला अजून लागण झालेली नाही तो पुढच्या फेरीतून वाचेल.

सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांचा निर्णय मेडिकल ऑफिसरचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने राज्याला सुचवलं होतं की साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि जिथे नऊ महिन्यांखालच्या केसेस दहा टक्क्यांच्या वर आहेत तिथे सहा महिन्यांपासून. आपण फक्त अशी बाळं किती आहेत त्याचा आकडा हातात ठेवायचा.

गरोदर बाईला ही लस चालत नाही. तिला लगेच डॉक्टरकडे. इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन असतं, संपर्कानंतर ६ दिवसांत, पण ते महाग आहे आणि सहज मिळेलच असं नाही, म्हणून तिला लवकर शोधणं आणि आजारी मुलापासून लांब ठेवणं, माहेरी नाहीतर दुसऱ्या घरी, हेच जास्त उपयोगी पडतं.

आजारी मुलाला व्हिटॅमिन ए दोन दिवस, पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी. एक वर्षावरच्याला प्रत्येक वेळी दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्याला एक लाख, त्याखालच्याला पन्नास हजार, सेविकेच्या किंवा डॉक्टरांच्या हातून. हे विसरू नका, याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. डोळ्यात पांढरेपणा दिसला तर तिसरा डोस लागतो, म्हणून डोळे रोज बघा.

२१ दिवसांची फेरी

लस न मिळालेल्या संपर्कातल्या मुलांना शेवटच्या भेटीपासून २१ दिवस बघायचं. आपल्या उदाहरणात लग्नातल्यांचे ३० मेपर्यंत, दवाखान्यातल्यांचे १ जूनपर्यंत आणि घरातल्यांचे ६ जूनपर्यंत. रोज घरोघर जाणं शक्य नाही हे मला माहीत आहे. एक दिवसाआड फोन करा, आणि जिथे फोन लागत नाही, सड्यावरच्या वाड्या वगैरे, तिथे दूधवाला किंवा शाळेची पोरं यांच्याकडून निरोप आणा. दहाव्या दिवसापासून पुढे मात्र कंटाळा नको, केसेस तेव्हाच निघतात आणि नेमकी तेव्हाच आपली धाव थंडावते.

या मुलांना अंगणवाडीत, शाळेत, लग्नात, एसटीत न्यायचं नाही. मोठ्यांना कामावरून थांबवायला सांगताना विचार करा, बोटीवर गेला नाही तर त्या दिवशी घरात काय शिजणार. लहानपणी गोवर होऊन गेलेल्या किंवा लस झालेल्या मोठ्या माणसाला थांबवायची गरजच नसते.

दम लागणं (एक वर्षाखाली मिनिटाला ५० आणि त्यावर ४० पेक्षा जास्त श्वास), छाती आत ओढली जाणं, झटका, पाणीही न पिणं, सतत जुलाब, सुस्ती, डोळे न उघडणं यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन, वाट बघायची नाही. पुरळ गेलं म्हणजे सुटलो असंही नाही, निमोनिया आणि जुलाब नंतरच्या आठवड्यांत गाठतात, म्हणून महिनाभर लक्ष ठेवा, वजन करा.

मुंबईला परत गेलेले

लग्न झालं की तिसऱ्या दिवशी अर्धी वाडी गाडीत बसते. त्यांना नुसतं फोन करून "काळजी घ्या" म्हणू नका. नाव, वय, डोस, मुंबईतला विभाग आणि जवळचं महापालिकेचं आरोग्य केंद्र एवढं लिहून घ्या आणि त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. कुटुंबाला मात्र हे सांगा की पोराला ताप आला तर दवाखान्यात शिरायच्या आधी बाहेरूनच "आम्ही गोवरच्या संपर्कात होतो" म्हणून सांगायचं, रांगेत बसायचं नाही.

नावं लिहिणं कधी थांबवायचं

हे कोणी स्पष्ट सांगत नाही. एकदोन केसेस असताना एकेक संपर्क शोधणं फार मोलाचं. पण चार वाड्यांत, एकमेकांशी संबंध न लागणाऱ्या केसेस निघायला लागल्या की संपर्काच्या याद्या करणं थांबवा आणि तीच माणसं घरोघर लसीकरणाला लावा. एका ब्लॉकमध्ये चार आठवड्यांत पाच संशयित झाले की आपल्याकडे साथ म्हणून बघतात, आणि त्यानंतर प्रश्न बदलतो. कोण कोणाला भेटलं हे बाजूला ठेवायचं, डोस कोणाचा राहिलाय तेवढं विचारायचं.

समोआ नावाचा पॅसिफिकमधला छोटा देश आहे, दोन लाखांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा. २०१८ मध्ये तिथे लस चुकीच्या द्रवात कालवल्यामुळे दोन बाळं गेली, लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण कोसळलं आणि २०१९ मध्ये गोवर शिरला. ८३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. शेवटी ५ आणि ६ डिसेंबरला दोन दिवस सरकारी कामकाज बंद ठेवून सगळी माणसं लसीकरणाला लावली, आणि ज्या घरात लस न झालेलं कोणी आहे त्यांनी बाहेर लाल कापड बांधायचं असं सांगितलं. पथक लाल कापड बघत थेट त्या घरी. तोवर संपर्काच्या याद्या करत बसण्याची वेळ केव्हाच गेली होती. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या डीआर काँगोत तीन लाखांच्या वर संशयित केसेस झाल्या, तिथे तर दवाखान्यापर्यंत रस्ता नसलेली गावं, यादी कोणाची आणि कशी करणार.

आपल्याकडे लाल कापड बांधू नका, कोविडच्या फलकासारखं वाटेल. कार्ड तपासून झालं की भिंतीवर खडूने तारीख टाका, पुरेसं आहे.

वही बंद करताना

शेवटच्या केसनंतर ४२ दिवस, म्हणजे २१ च्या दोन पाळ्या, नवीन केस नाही आली तर साथ संपली म्हणायचं. त्याआधी मे संपून पाऊस लागतो, चिरेखाणी बंद होतात आणि खाणीवरची कुटुंबं ट्रकमधून आपापल्या गावी निघतात. त्यांचं सामान बांधायच्या आधी एक फेरी मारा. ज्या पोरांना साथीत डोस दिला त्याची तारीख प्रत्येकाच्या कार्डावर लिहून द्या, कार्ड नसेल तर नवीन करून द्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्याच हातात द्या, मुकादमाच्या नको. सहा ते नऊ महिन्यांत डोस मिळालेल्या बाळांच्या कार्डावर ठळक लिहा की हा डोस हिशोबात धरायचा नाही, नवव्या महिन्याचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला, दोन्ही अजून द्यायचेत. कुठल्या तालुक्यात चाललेत ते विचारून घ्या आणि नावं तालुका आरोग्य कार्यालयात द्या म्हणजे तिकडे कळवता येतात.